रोही आडवा आला

गाडीत भूत नसतं. जालन्यात मस्तगडच्या माझ्या दुकानात बसून चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगत आलो. डायनामो आणि सेल्फ उघडत होतो तेव्हाही सांगितलं, आणि आता गाड्यांना डोळे-कान फुटलेत तरी तेच सांगतो. माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. इंजिन माझं नाही, पत्रा माझा नाही. पत्रा शेजारच्या रफिकभाईचा. करंट कुठून निघाला, कुठं जायचा होता आणि मधेच कुठं गडप झाला, एवढंच मी शोधतो. दिवाळी अंकवाले सर म्हणाले, "मिस्त्री, तुमचे अनुभव लिहा." मी म्हणालो, सर, वायरीचे कसले आलेत अनुभव? पण एक आहे. तो सांगायचा तर आधी थोडं दुकान दाखवावं लागेल.

हल्लीच्या गाड्या फार बोलतात. पट्टा लावला नाही की टिंगटिंग, दार नीट लागलं नाही की टिंगटिंग, मागं भिंत आली की नुसता चिरका आवाज. हे सगळं माणसाचा जीव वाचावा म्हणून बसवलेलं, आणि माझ्याकडं लोक येतात ते बंद करून घ्यायला. "मिस्त्री, हिचं तोंड बंद करा." तीर्थपुरीचे एक गुरुजी आहेत. ते पट्टा सीटच्या पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवतात आणि त्याच्यावरच रेलून बसतात. मी म्हटलं, "गुरुजी, शाळेत पोरांना रस्त्याचे नियम शिकवता ना?" तर म्हणाले, "शिकवतो की. पण गाडी गप बसली ना? मंग झालं."

दुसरी तऱ्हा दिव्यांची. प्रत्येकाला डोळे दिपवणारे पांढरे दिवे पाहिजेत, आणि समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, म्हणजे झोत खाली करायचा, ही रीत तर गेलीच. अप्पर मारत यायचं, समोरचा मरेना का. मी चिडचिड करतो, पण खरं सांगायचं तर अर्ध्या तालुक्याला ते दिवे मीच बसवून दिलेत.

एकदा भोकरदनकडचा एक जण घामाघूम होऊन आला. नवीकोरी गाडी. पुढं कोणी नसताना पुढचा सेन्सर ओरडतो म्हणे, तोही कधीमधी, आणि अमावास्येनंतर जास्त. बायको गाडीत बसेना, आई म्हणे गाडी विकून टाक. मी गाडीपुढं उकिडवा बसलो आणि मला हसूच आवरेना. बंपरखाली लिंबू-मिरची बांधली होती. वारा आला की ती सेन्सरपुढं झुलायची आणि गाडीला वाटायचं, कोणीतरी आलं. बाधा झाली म्हणून यानं दुसरी बांधली, तर गाडी दुप्पट ओरडायला लागली. मी दोरी चार बोटं सरकवून दिली आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "गाडी खोटं बोलत न्हाई भाऊ. तिला दिसतं ते सांगती. आपल्याला न्हाई दिसत, हा आपला दोष." हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं. फार आवडलं होतं मला.

आता रोहीचं. आमच्याकडं नीलगाईला रोही म्हणतात. कळपानं शेतात घुसतो, दिवस मावळताना रस्ता ओलांडतो, आणि गाडीवर आला तर गाडीचं तोंड फोडूनच जातो. हे खरंच आहे. पण त्यामुळं लोकांची एक सोय झाली. पुढून फुटलेली कुठलीही गाडी दुकानात आली की मालक म्हणतो, "रोही आडवा आला." कुणी ती पिऊन बाभळीला दिलेली असते, कुणी मोबाइलवर बोलता बोलता दुभाजकावर चढवलेली असते. तरी रोहीच. आणि आमच्या धंद्याची रीत अशी की पुढं विचारायचं नाही. 'काय झालं' एवढंच विचारायचं, 'रोही' ऐकायचं, 'अरेरे' म्हणायचं आणि पाना हातात घ्यायचा. गिऱ्हाइकाची अब्रू आपल्या हातात असते, असं माझ्या उस्तादांनी मला शिकवलं होतं. ते मी इमानानं पाळलं. इतकं इमान बरं नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

ज्याची ही गोष्ट, त्याला अंकुशराव म्हणू. नावं बदलली आहेत, कारण प्रकरण कोर्टात आहे. जालन्यात बियाण्याचं दुकान, हसनाबादला दुसरं. रोज जाणं-येणं. माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक आणि माणूस एकदम सरळ. दुकानात आले की आधी रफिकभाईची चौकशी, मग माझ्या गुडघ्याची, आणि मग गाडीची. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी मी कुलूप काढायला गेलो तर ते माझ्या आधी दारात उभे. जुनी गाडी होती तेव्हा त्यांची. डावा दिवा फुटलेला, बंपरची डावी बाजू आत गेलेली, बोनेटला पोचा.

"रोही आडवा आला," ते म्हणाले.

"अरेरे," मी म्हणालो.

मी दिवा काढायला खाली बसलो. बंपरच्या जाळीत एक पट्टी अडकली होती. चंदेरी, तीन बोटं रुंद, वीतभर लांब. कडेला हिरव्या कापडाचे धागे आणि लाल दोऱ्याची शिवण. उजेड पडला की लखकन चमकायची. मी ती पकडीनं ओढून काढली आणि वर पाहिलं. अंकुशराव माझ्या डोक्याशीच उभे होते आणि माझ्याकडं बघत होते. पापणी हलत नव्हती. किती वेळ झाला असेल? एक श्वास, फार तर दोन. मग मी मान वळवली आणि रफिकभाईला हाक मारून चहा सांगितला.

चहा पिता पिता रफिकभाई बोनेटवरून हात फिरवत होता. हळूच म्हणाला, "मिस्त्री, बाल नई हैं." रोही धडकला की जाळीत त्याचे केस राहतात, राखी, राठ. दर वेळी राहतात.

"गिरे होंगे," मी म्हणालो. "तू ठोक."

त्यानं ठोकलं. मी दिवा बसवला. संध्याकाळी गाडी अशी तयार झाली, की काही झालंच नव्हतं असं वाटावं. ते कौशल्य आहेच आमच्या हाताला.

आणि ती पट्टी? पट्टी चांगली होती. आमच्या दुकानात वापरलेला स्क्रूसुद्धा कोणी फेकत नाही. मी ती पुसली आणि माझ्या मोपेडच्या मागच्या मडगार्डवर चिकटवून टाकली. मागून येणाऱ्या गाडीला आपण लांबून दिसलेलं बरं, असा हिशेब. पुढं महिन्याभरात अंकुशरावांनी ती गाडी विकली. मी म्हटलं, असेल काहीतरी.

गेल्या थंडीत ते पुन्हा आले. नवी पांढरी गाडी. पुण्याच्या लेकीनं हट्ट धरला होता, पप्पा, सगळ्यात सेफ गाडी घ्या. तशीच घेतली होती. हिच्या काचेला आरशामागं कॅमेरा असतो. समोर माणूस नाहीतर दुसरी गाडी आली आणि चालवणाऱ्यानं ब्रेक मारला नाही, तर ही आधी ओरडते आणि तरी ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक मारते. मीटरमध्ये लाल रंगात माणसाचं चित्रही उमटतं, म्हणजे कशासाठी थांबलो ते कळावं.

या वेळी रफिकभाईची चौकशी नाही, गुडघ्याची नाही. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

"मिस्त्री, हिचा आपोआप ब्रेक कायमचा बंद करून टाका."

"स्क्रीनवर बटन हाय की त्याचं."

"ते गाडी बंद करस्तोर चालतं. पुन्हा चालू केली की ब्रेक पुन्हा जागा. रोज ध्यानात कोण ठेवणार? तुम्ही वायर तोडा. कॅमेऱ्यावर टेप चिकटवा. काय बी करा."

"पण कामून?"

 "एका जागी थांबून राह्यली. हसनाबादच्या अलीकडं ते वळण हाय ना, तिथंच. दसऱ्याला गाडी घेतली तवापासून. रस्त्यावर कुत्रं सुदिक नसतं, अन् मीटरमधी माणूस दिसतो."

"हळू घेऊन बघितली?"

"हळू घेतली तरी थांबती. कंपनीत दाखवून आल्तो. म्हणले, गाडीत कायबी फॉल्ट न्हाई."

"मंग दुसऱ्या रस्त्यानं जात जा."

"चार दिवस गेल्तो. लांब पडतं. घरचे विचारतात, कामून तिकडून जाता." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ती मलाच थांबवून राह्यली."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अशा केसा मला फार आवडतात. म्हटलं, कुठंतरी लिंबू-मिरची झुलत असणार. आत्ताच जाऊन बघू, टेप लावायला काय, आल्यावर लावू. ते नको नको म्हणत होते. "तुम्हीच चालवा मंग," म्हणाले आणि डावीकडं बसले.

दुपारचे चार वाजले असतील. ऊन होतं, पण थंडीतलं पिवळं. दोन्ही बाजूला ज्वारी कणसाला आलेली. जालना सुटेपर्यंत अंकुशराव बियाण्याबद्दल बोलत होते, पावसाबद्दल बोलत होते. राजूरचा फाटा मागं पडला तसे शब्द कमी होत गेले, आणि एका छोट्या पुलानंतर ते बिलकुल गप्प झाले. मी कडेनं पाहिलं. त्यांनी एक हात पुढं डॅशबोर्डवर टेकवला होता. डोळे मिटले होते.

"आला," ते म्हणाले.

गाडी त्यानंतर ओरडली. हे मी कोर्टातही सांगितलं आहे. आधी ते बोलले, मग गाडी ओरडली.

मीटर लाल झाला. त्यात माणूस उभा. आणि माझा पाय ब्रेकपासून लांब असताना खालून कोणी धरून ओढावी तशी गाडी दाबली गेली आणि वळणाच्या तोंडावर जागच्या जागी थांबली. पट्टा माझ्या छातीत रुतला. समोर रस्ता रिकामा. मागं रिकामा. वारा पडलेला, एक पाखरू ओरडत नव्हतं. आणि मीटरमध्ये तो लाल माणूस अजून उभाच.  गाडीत भूत नसतं, असं चाळीस वर्षं सांगणारा मी, पण आधी मागच्या सीटवर कोणी बसलंय का ते बघून घेतलं.

मग सवय कामाला आली. मी रस्त्याकडं बघायचं सोडलं आणि गाडीचं नाक कुठं आहे ते पाहिलं. रस्ता उजवीकडं वळत होता, पण वळायच्या आधी गाडीचं तोंड क्षणभर सरळ शेताकडं असतं. आणि तिथं, बरोबर नाकासमोर, शेताच्या बांधावर एक माणूस हात पसरून उभा होता. हिरवं जाकीट, काळी पँट.

बुजगावणं! मी मोठ्यानं हसलो. भीती गेली की माणूस उगाच जास्त हसतो, तसं. "अंकुशराव, डोळे उघडा. बुजगावणं हाय राव! कॅमेऱ्याला माणूस वाटतोय. चार हात बाजूला रोवायला सांगतो, खेळ खलास."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "म्हातारी हाय का?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हातारी?"

"शेतात. हात जोडून."

मी पाहिलं. ज्वारीच्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पदर, आणि आमच्या गाडीकडं तोंड करून दोन्ही हात जोडलेले. देवाला जोडतात तसे.

"चला," अंकुशराव म्हणाले. "जल्दी चला मिस्त्री, पाया पडतो तुमच्या."

मी ऐकलं नाही. गाडी कडेला घेतली आणि उतरलो. फॉल्ट सापडल्यावर तो हातानं काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव. अंकुशराव सीटमध्ये खाली सरकून बसले.

बांधावर चढलो. बुजगावण्याचं डोकं म्हणजे पालथं मडकं. आपल्याकडं त्याला चुन्यानं डोळे काढतात, मिशा काढतात. याला काहीच नव्हतं. कोरं मडकं. जाकीट रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात ते, चमकत्या पट्ट्यांचं. उजव्या छातीवर पट्टी होती. डाव्या छातीवर नव्हती. तिथं वीतभर जागेत हिरवं कापड फाटून नुसते लाल दोरे लोंबत होते.

मी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. तो लाल दोरा मी रोज सकाळी मोपेड बाहेर काढताना बघत होतो आणि रोज रात्री आत घेताना बघत होतो.  तिथंच बांधावर बसलो.

म्हातारीचा मालक काठी टेकत आला. किसनबाबा म्हणू त्यांना. त्यांना वाटलं, मला चक्कर आली.

"पाणी आणू का पावनं?"

"नको बाबा. हे बुजगावणं… मडक्याला डोळे न्हाईत?"

"न्हाई काढता आले," ते म्हणाले. "जाकीट माझ्या पोराचं हाय. विलास. रस्त्याच्या कामावर व्हता. दिवस मावळताना काम सुटलं, चालत घरी येऊन राह्यला व्हता, ह्याच वळणावर कोण तरी उडवून गेलं. तासभर जित्ता व्हता म्हणे. आम्ही तितं शेतात, आवाज न्हाई आला आमाला. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात वाहन. जाकीट तवा न्हाई सापडलं, आठ दिसांनी बाभळीत अडकलेलं दिसलं. कुणाला द्यावं, कुठं टाकावं? म्हणलं, हितंच उभा करू त्याला. पाखरं बी भेत्यात, अन् एखाद्या गाडीवाल्याला दिसला तर जरा दमानं जाईल."

"जातात का दमानं?"

"कुठलं हो! अप्पर मारून हॉर्न वाजवत जात्यात." मग त्यांनी काठीनं रस्त्याकडं दाखवलं. "पर ही एक पांढरी गाडी हाय बघा. तुमचीच का? रोज थांबती. बराबर ह्याच्या समोर. थांबती, जरा दम खाती, मंग जाती. कोण देवमाणूस हाय त्यात? आमची म्हातारी म्हणती, आपल्या पोरासाठी कुणी थांबलं न्हाई, पर हा एक रोज थांबतो. ती हात जोडती त्याला. एक दिवस उतरा म्हणावं, हुरडा खाऊन जा."

 काहीतरी पुटपुटलो आणि उतरलो. बुजगावणं सरकवायचं राहूनच गेलं.

गाडीत बसलो. चावी फिरवली नाही.

"रोही नव्हता," मी म्हणालो.

"न्हाई," अंकुशराव म्हणाले. ते समोर काचेकडं बघत होते. "समोरच्यानं अप्पर मारलं. दिसायचं बंद झालं. मी डावीकडं घेतली अन् थप्प आवाज आला. तवाच मनात म्हणलं, रोही असंल. अन् थांबलो न्हाई. पाय ब्रेकवर गेल्ता मिस्त्री, पर दाबला न्हाई. घरी जाऊस्तोर म्हणत राह्यलो, रोही, रोही, रोही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेपरात वाचलं."

"मंग सांगायचं व्हतं की!" माझा आवाज चढला. "तीन वर्षं हे म्हातारं…"

"सांगायलाच आल्तो," ते म्हणाले. "त्या सकाळी. पोलिसाकडं जायचा धीर न्हाई झाला, म्हणून आधी तुमच्याकडं आल्तो. तुम्ही कुलूप काढायच्या आधीपासून उभा व्हतो. तुम्ही पट्टी काढली अन् माझ्याकडं बघितलं. म्हणलं, आता हे विचारणार. अन् विचारलं की सांगून टाकू. तुम्ही चहा सांगितला."

  लोक म्हणतात मिस्त्री, त्याची चूक त्याची, तू कशाला जिवाला लावून घेतोस. म्हणोत. रोही कपडे घालत नाही, एवढं मला त्या सकाळीही कळत होतं.

परत येईपर्यंत अंधारलं. मस्तगडला गाडी वळवली तसा दिव्यांचा झोत माझ्या दुकानापुढं पडला. तिथं माझी मोपेड उभी होती आणि तिच्या मागं ती पट्टी लखकन पेटली. तेवढीच एक गोष्ट उजेडात, बाकी सगळा काळोख. अंकुशरावांनी माझा दंड धरला. 

"तीच?"

"तीच."

मी ब्रेकची वायर तोडली नाही. कॅमेऱ्यावर टेप लावला नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. चावी घेतली आणि गेले.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला या गोष्टीचा शेवट तिथं करायचा नाही. मी जबाब दिला. जाळीत रोहीचे केस नव्हते, असा रफिकभाईनं जबाब दिला, कोणी न बोलावता स्वतःहून गेला तो. खटला चालू आहे. माझी काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. "मिस्त्री आता लई विचारतो," असं बाजारात म्हणतात, आणि ते खरं आहे. कोणी म्हणालं रोही आडवा आला, की मी विचारतो, कुठं? किती वाजता? उतरून बघितलं का? काही जण चिडून गाडी दुसरीकडं नेतात. नेऊ दे.

त्या वळणावरून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाणी आणि ब्लेड घेऊन ती पट्टी मडगार्डवरून सोडवली. तीन वर्षांत घट्ट बसली होती, तासभर गेला. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्याच मोपेडवर हसनाबादकडं निघालो. अंकुशरावांना मी काही कळवलं नव्हतं.

किसनबाबा बांधावरच भेटले. म्हातारी ज्वारीच्या कडेला पाखरं हाकत होती. मी बसलो. सांगायला तोंड उघडलं की ज्वारीबद्दलच बोलायचो. कणसं भरली का, यंदा थंडी बरी आहे का. पुडकं मांडीवरच होतं. चाळीस वर्षांची सवय अशी जिभेवर बसलेली असते.

तेवढ्यात पुलाकडून पांढरी गाडी आली. वळणाच्या तोंडावर आली, लांबूनसुद्धा ऐकू येईल असा टायरचा आवाज झाला आणि थांबली. म्हातारीनं हात जोडले.

रोज ती जरा थांबून जायची. आज गेली नाही. इंजिन बंद झालं. दार उघडलं.

"अगं बाई, आज उतरला!" म्हातारी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. लगबगीनं खोपीत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

अंकुशराव चालत आले. बांधाच्या खाली चपला काढल्या आणि अनवाणी वर चढले. बुजगावण्यापाशी आल्यावर पाऊल अडखळलं, पण आले.

"या, या पावनं, बसा," किसनबाबा म्हणाले. "तुमची लई वाट बघितली."

म्हातारीनं तांब्या पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण त्यांना तो तोंडापर्यंत नेता येईना. पाणी सांडून त्यांच्या पायावर पडत होतं.  मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पापणी न हलवता. तीन वर्षांपूर्वी पाहिलं होतं, अगदी तसंच.

या वेळी मी मान वळवली नाही. मी वर्तमानपत्र उलगडलं.

"आक्का," मी म्हणालो, "ही पट्टी तुमच्या विलासच्या जाकिटाची हाय. ती मी ह्यांच्या गाडीतून काढली व्हती."

म्हातारीनं पट्टीकडं पाहिलं, मग बुजगावण्याच्या छातीकडं पाहिलं. पट्टी तिनं लगेच घेतली नाही. आधी अंकुशरावांच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला.